नोट्समधला म्यू कुठे गेला?

मागच्या अंकात या पानावर एवढंच विचारलं होतं, की कॉलेजच्या विज्ञानाच्या नोट्स ऑनलाइन मिळायला लागल्यापासून तुमचं नेमकं कुठे अडतं. पत्रं, मेल, व्हॉट्सॲपवरचे निरोप असं धरून इतकं आलं की दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा सगळा पट्टा हातात मोबाइल घेऊन समोर येऊन बसलाय असं वाटलं. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत माझ्या नोट्सही फळ्यावरून मोबाइलवर गेल्या, आणि त्या वाटेत काय काय सांडतं ते मी पाहिलं आहे. ज्या पाच-सहा प्रश्नांत बाकीचे बरेचसे येऊन जातात, ते इथे घेतले आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एफवायबीएस्सीला आहे, ऐरोलीला राहते. सर ग्रुपवर गुगल ड्राइव्हची लिंक टाकतात. सगळ्यांना उघडते, मला मात्र 'यू नीड ॲक्सेस' येतं. चार वेळा रिक्वेस्ट पाठवली. सर म्हणतात, 'मी सगळ्यांना दिलंय.' आता पुन्हा विचारायला लाज वाटते.

उत्तर : अगं, लाज कसली त्यात. सर खरं सांगतायत आणि तूही खरं सांगतेस. गडबड बहुतेक फोनमधल्या खात्याची आहे. फोन विकत घेतला तेव्हा त्यात बाबांचं नाहीतर दादाचं जीमेल खातं टाकलेलं असतं. नंतर कॉलेजने आयडी दिला, तो तू दुसरा म्हणून घातलास. व्हॉट्सॲपवरून लिंक दाबली की ती पुष्कळदा पहिल्या खात्यातून उघडते, आणि सरांनी परवानगी दिलेली असते कॉलेजच्या खात्याला.

'यू नीड ॲक्सेस' दिसलं की आधी रिक्वेस्टचं बटण दाबू नकोस. वर उजव्या कोपऱ्यात छोटा गोल असतो, त्यात फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसतं. तो दाब. कुठल्या आयडीतून पाहतेस ते तिथे लिहिलेलं असेल. कॉलेजचा निवड आणि लिंक पुन्हा उघड. कॉलेजचा आयडी यादीत नसेलच तर 'ॲड अकाउंट' करून घाल. माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आलेल्या दहा मुलांपैकी आठ-नऊ जणांचं काम एवढ्यावरच झालेलं आहे.

एवढं करूनही उघडली नाही, तर सरांना नीट लिही. तुझी रिक्वेस्ट त्यांच्याकडे एक मेल म्हणून जाते आणि त्यात फक्त आयडी दिसतो. बाबांच्या नावाचा अनोळखी आयडी बघून ते परवानगी देत नसतील तर त्यांचं काही चुकत नाही. 'सर, सेमिस्टर १, घटक २ ची मंगळवारी टाकलेली फाइल उघडत नाही. माझा कॉलेजचा आयडी हा, रोल नंबर हा', असं लिही आणि सोबत आयडी दिसेल असा स्क्रीनशॉट जोड. एवढ्या निरोपावर सर दोन मिनिटांत काम करू शकतात.

आणि फाइल उघडली की त्याच दिवशी डाउनलोड करून ठेव, 'ड्राइव्हवर आहेच की' म्हणून सोडू नकोस. एका कॉलेजात तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षकांचं काम संपलं, त्यांचं कॉलेजचं खातं बंद झालं आणि त्या खात्यातल्या फायली मुलांना दिसेनाशा झाल्या. परीक्षेला तेव्हा पंधरवडा उरला होता. ज्या चौघांनी फायली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांच्या फोनवरून सगळ्या वर्गाने घेतल्या. उतरवलेल्या फायलीला नावही नीट दे. 'न्यू फायनल १' या नावाच्या सहा फायली फोनमध्ये असल्या की परीक्षेच्या आदल्या रात्री सहाही उघडून बघाव्या लागतात.

प्रश्न : कळव्याहून लिहितोय, एसवाय फिजिक्स. नोट्स फोनवर उघडल्या की मधेमधे चौकोन दिसतात. एका ठिकाणी तर रेझिस्टन्स १० किलोवॉट लिहिलाय. मित्राच्या लॅपटॉपवर तीच फाइल नीट दिसते. माझा फोन खराब आहे का?

उत्तर : फोन चांगला आहे, आणि तू हे विचारलंस याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक मुलं चौकोन दिसला की तो ओलांडून पुढे जातात. पण चौकोन निदान कळतो तरी. त्याहून वाईट म्हणजे चुकीचं अक्षर बरोबर अक्षरासारखं बसलेलं असतं. तुझा किलोवॉट तसाच आहे.

काय होतं ते सांगते. वर्डच्या फायलीत सहसा अक्षरांचे आकार नसतात, अमुक अक्षर अमुक फॉन्टमध्ये दाखव एवढी सूचना असते. सरांच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट असतो, तुझ्या फोनवर नसतो. मग फोन हाताशी असेल तो दुसरा फॉन्ट लावतो. साध्या मजकुराचं त्याने काही बिघडत नाही. ग्रीक अक्षरांचं बिघडतं, कारण आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या 'सिंबॉल' नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये ग्रीक अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत. एमच्या जागेवर म्यू, म्हणजे 'मायक्रो'चं चिन्ह, क्यूच्या जागेवर थीटा, एलच्या जागेवर लॅम्डा, मोठ्या डीच्या जागेवर डेल्टा आणि मोठ्या डब्ल्यूच्या जागेवर ओमेगा, म्हणजे ओहमचं चिन्ह. फॉन्ट गळून पडला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. तुझ्या सरांनी १० किलोओहम लिहिलं होतं. ओमेगा गेला, डब्ल्यू राहिला.

मराठी वाचकांना हे नवीन नाही. लग्नपत्रिकेची फाइल डीटीपीवाल्याकडून आणून घरच्या कॉम्प्युटरवर उघडली की गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, ते याच जातीचं. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरी तर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, ग्रीकही आहे. युनिकोडमधला म्यू कुठल्याही फोनवर म्यूच राहतो.

हे मी इतकं तळमळीने का सांगते, तेही सांगते. लॉकडाउननंतर प्रॅक्टिकल पुन्हा सुरू झाली तेव्हाची गोष्ट. कलरिमीटरवर, म्हणजे द्रावणाच्या रंगावरून, लोहाचं प्रमाण काढायचा प्रयोग होता, नोट्स माझ्याच. मी बॅलन्स रूममध्ये डोकावले तर एक विद्यार्थिनी वॉच ग्लासवर मोहर सॉल्ट या लोहाच्या क्षाराचे फिकट हिरवे स्फटिक स्पॅच्युलाने घालत उभी. चांगला ढीग झाला होता, आकडा होता ७.०२ ग्रॅम. मला बघून म्हणाली, 'मॅडम, एवढं सगळं १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घालायचं ना?'

मी तिचा हिशोब पाहिला. अगदी चोख होता. साधारण सात ग्रॅम मोहर सॉल्टमध्ये एक ग्रॅम लोह असतं. प्रमाण द्रावण मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं हवं असेल तर १०० मिलीला एक ग्रॅम लोह लागणार, म्हणजे ७.०२ ग्रॅम सॉल्ट. तिने वहीत हे सगळं सुवाच्य लिहिलं होतं. चूक तिच्या हातातल्या फोनवर होती. माझ्या फायलीत १० मायक्रोग्रॅम होतं, तिच्या पडद्यावर म्यूच्या जागी एम आला होता, आणि म्यू-जीचं एम-जी झालं होतं. खरं म्हणजे ०.७०२ ग्रॅम सॉल्ट थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून एक लिटर करायचं, ते झालं मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमचं साठवणीचं द्रावण. त्यातले १० मिली घेऊन पुन्हा १०० मिलीपर्यंत न्यायचे. तिच्या फ्लास्कमध्ये लोह हजारपट गेलं असतं.

ती विचारायला थांबली म्हणून कळलं. त्याच नोट्स त्या वर्षी साठजणांच्या फोनवर होत्या. संध्याकाळी घरी बसून पूर्ण फाइल तपासली तेव्हा सतरा ठिकाणी म्यू निघाला. सगळे बदलले, पीडीएफ करून नव्याने पाठवली आणि जुनी काढून टाका म्हणून प्रत्येक वर्गात जाऊन सांगितलं. औषधाची मात्रा लिहिताना म्यूचं चिन्ह टाळा, 'मायक्रोग्रॅम' असं पूर्ण लिहा, असं वैद्यकीय क्षेत्रात सांगतात ते याच गल्लतीच्या धास्तीने.

आता तू काय करायचं. सरांना सांग, 'सर, वर्डची फाइल फोनवर बिघडते, पीडीएफ मिळेल का?' पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून देता येतात, म्हणून ती जिथे उघडशील तिथे सारखी दिसते. लॅपटॉपवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फायलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'फॉन्ट्स' असा भाग असतो. तिथे प्रत्येक फॉन्टपुढे 'एम्बेडेड' लिहिलेलं असेल तर काळजी नाही. नुसतं नाव असेल तर त्या पीडीएफवरही डोळा ठेव. आणि नोट्समधून काही कॉपी करून जर्नलमध्ये चिकटवत असशील तर घातांक एकेक करून तपास. १० चा २३ वा घात चिकटवल्यावर पुष्कळदा सरळ १०२३ होतो, आणि ॲव्होगॅड्रोचा अंक सहा हजारांवर येऊन बसतो. मी तपासलेल्या जर्नलांत हे दरवर्षी असायचं.

रोध वॉटमध्ये दिसल्यावर तुला खटकलं. एककावर अशीच नजर ठेव.

प्रश्न : मी कोपरखैरण्याहून लिहिते. मुलगी एफवायला बायोटेक्नॉलॉजी करते, मुलगा बारावीला. घरात स्मार्टफोन एकच, तो ह्यांच्याकडे असतो, संध्याकाळी सातनंतर घरी येतो. सगळ्या नोट्सचे प्रिंट काढायचे तर खर्च परवडत नाही, न काढावे तर पोरगी रात्री बारापर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसते. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्याचे प्रिंट काढू नका. मुलीला म्हणावं, फाइल आली की आधी एकदा चाळ आणि ठरव. नुसता मजकूर असेल तो फोनवर वाचून होतो. आकृत्या, रासायनिक अभिक्रियांच्या पायऱ्या, मोठे तक्ते हे कागदावर हवेत, कारण तिथे बोट ठेवून मागे-पुढे जावं लागतं. तेवढीच पानं काढा, एका बाजूला दोन पानं आणि पाठपोट. पीपीटी असेल तर एका कागदावर सहा स्लाइड बसतात. गडद निळ्या पार्श्वभूमीची पीपीटी मात्र तशीच छापायला देऊ नका, शाई वाया जाते आणि अक्षरही दिसत नाही. दुकानदाराला 'प्युअर ब्लॅक अँड व्हाइट' करायला सांगा.

झेरॉक्सच्या दुकानात तिथल्या कॉम्प्युटरवर मुलीचं कॉलेजचं खातं उघडायचं नाही. पेनड्राइव्ह न्यावा नाहीतर दुकानाच्या व्हॉट्सॲपवर तेवढी फाइल पाठवावी. लॉग इन करून बाहेर पडायचं विसरलेल्या मुलांचे मला आलेले फोन मी विसरलेले नाही.

फोन सातला घरी येतो, तर पहिली दहा मिनिटं फक्त फायली उतरवण्याची, असं घरात ठरवून टाका. एकदा उतरवली की नेट लागत नाही, आणि पुढचा वेळ दोघांत वाटता येतो. टाइप केलेल्या नोट्स फार जड नसतात. माझ्या २२ पानांच्या नोट्स एक एमबीच्या आत बसत. त्याच मी एकदा हाताने लिहून फोटो काढून पाठवल्या तेव्हा ३८ एमबी झाल्या होत्या, आणि मुलांनी डेटा संपल्याची तक्रार केली, ती योग्यच होती. दिवसा कॉलेजच्या ग्रंथालयातले कॉम्प्युटर बहुतेक वेळा रिकामे असतात, तिथे अर्धा-पाऊण तास मोठ्या पडद्यावर वाचलं तर रात्रीचं तेवढं कमी होतं.

एक गोष्ट पुष्कळ घरांना माहीत नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयंप्रभा' शैक्षणिक वाहिन्या २०१७ पासून चालू आहेत आणि त्या डीडी फ्री डिशवर दिसतात. त्यांना इंटरनेट लागत नाही. या वाहिन्यांची आखणी करतानाच रोज निदान चार तासांचा नवा मजकूर आणि दिवसभरात त्याची आणखी पाच वेळा पुनरावृत्ती, असं ठरलेलं आहे. सकाळी स्वयंपाकाच्या गडबडीत टीव्ही लागला नाही तरी तेच लेक्चर रात्री सापडतं. तुमच्या मुलाच्या बारावीलाही त्यात काही मिळेल.

आणि ताई, तिला म्हणावं पेशीची आकृती फोनवर बघत बसू नको, एकदा बघ, फोन उलटा ठेव आणि वहीत काढ. बायोटेकला हात वळलेला लागतो.

प्रश्न : टीवाय केमिस्ट्री, घणसोली. कावीळ झाल्यामुळे सहा आठवडे कॉलेज बुडालं. स्पेक्ट्रोस्कोपीचा पूर्ण घटक गेला. मित्राच्या नोट्स आहेत पण त्या त्यालाच कळतात. नेटवर शोधलं की शेकडो पीडीएफ येतात. कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : आधी तब्येत सांभाळ, काविळीनंतरचा थकवा लवकर जात नाही. रोज दोन तास पुरेत.

पहिलं काम म्हणजे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरव आणि स्पेक्ट्रोस्कोपीचं पान समोर ठेव. नेटवरच्या नोट्स कितीही चांगल्या असल्या तरी त्या तुझ्या पेपरसाठी लिहिलेल्या नसतात. आपल्याकडे किती हवं ते हातात असलं की बाकीचं निर्धास्त सोडता येतं.

मग एनपीटीईएलवर जा. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये मिळून सुरू केलेला ऑनलाइन अभ्यासक्रमांचा हा उपक्रम आहे. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. तिथले अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. ते सगळे बघत बसू नकोस, लेक्चरांची शीर्षकं वाच आणि तुझ्या यादीत बसणारी पाच-सहाच निवड. बऱ्याच लेक्चरांचं लिखित रूप पीडीएफमध्ये मिळतं. मी आधी ते वाचते, अडलं तरच व्हिडिओ लावते. डेटाही वाचतो.

अमेरिकेतल्या एमआयटीचं 'ओपनकोर्सवेअर', म्हणजे त्यांच्या अभ्यासक्रमांचं ऑनलाइन साहित्य, २००१ मध्ये जाहीर झालं, ते आजही सगळ्यांना मोफत आहे. तिथे विभागांना नावाऐवजी क्रमांक असतात, हे माहीत नसल्यामुळे आपली मुलं चक्रावतात. रसायनशास्त्र ५, जीवशास्त्र ७, भौतिकशास्त्र ८, गणित १८. म्हणजे ५ ने सुरू होणारा क्रमांक तुझ्या कामाचा. अभ्यासक्रमाच्या पानावर 'लेक्चर नोट्स' असा वेगळा भाग असेल तो उघड. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून सुरू झालेलं 'लिब्रेटेक्स्ट्स'ही रसायनाला फार चांगलं आहे, आणि ते पीडीएफ नसून वेबपान असल्यामुळे फोनवर अक्षर आपोआप बसतं. रंग आणि शोषणाचं नातं डोळ्यांनी बघायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या ऑनलाइन प्रयोगांच्या संकेतस्थळावर बीअरच्या नियमाचा प्रयोग आहे. द्रावणाची तीव्रता वाढव, कुपी रुंद कर, आकडा हलताना बघ. तिथल्या कितीतरी प्रयोगांची मराठी रूपंही आहेत.

एका ठिकाणी मात्र जपून. दोन ठिकाणच्या नोट्स एकत्र करताना चिन्हांचे संकेत जुळतात का ते पाहायचं. स्पेक्ट्रोस्कोपीत फारसं अडणार नाही, पण थर्मोडायनॅमिक्समध्ये घात होतो. एका पुस्तकात अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता अधिक कार्य, दुसऱ्यात उष्णता वजा कार्य. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात प्रणालीवर झालेलं कार्य धन धरलंय, दुसऱ्यात प्रणालीने केलेलं. एकाचं सूत्र आणि दुसऱ्याचं सोडवलेलं उदाहरण घेतलंस तर उत्तराचं चिन्ह उलटं येईल आणि चूक कुठे झाली ते शोधूनही सापडणार नाही. प्रत्येक विषयाला एकच मुख्य नोट्स ठेव, बाकीच्या फक्त समजून घ्यायला.

मित्राच्या नोट्स टाकू नकोस. त्याला एक संध्याकाळ घरी बोलाव आणि त्याच्याच वहीवरून त्याला समजावायला सांग. त्याचीही उजळणी होईल.

प्रश्न : आमच्या मॅडमच्या नोट्स एकाने टेलिग्रामवर टाकल्या आणि तो पन्नास रुपयांना देतोय. आम्ही घ्याव्यात का? (वाशी)

उत्तर : घेऊ नका, आणि मॅडमना आजच सांगा. नोट्स लिहिणाऱ्याच्या असतात, वर्गात वाटल्या म्हणून कुणाला विकता येत नाहीत. वर्गातल्या वर्गात एकमेकांना देणं वेगळं, त्याला बहुतेक शिक्षकांची ना नसते. शिवाय विकल्या जाणाऱ्या प्रती जुन्याच राहतात. माझ्या त्या सतरा चुकांची पहिली फाइल कुणी विकत असता, तर ती दुरुस्त करायला मी कुठे पोहोचणार होते?

प्रश्न : मी बेलापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. नोट्स मन लावून करतो, पण मुलं म्हणतात 'सर, दिसत नाही', 'सर, उघडत नाही'. वर्गात एक विद्यार्थी अंशतः दृष्टिहीन आहे, त्याला तर काहीच उपयोग होत नाही. मी कुठे कमी पडतोय?

उत्तर : सर, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ थांबले. तासावर पैसे मिळणारा माणूस न मिळणाऱ्या तासांत नोट्स करतो, त्याने कमी पडण्याची भाषा करू नये. पण तुम्ही विचारलंत म्हणून, मला जे उशिरा कळलं ते सांगते.

फाइल पाठवण्याआधी ती स्वतःच्या लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका. घरातला जुन्यात जुना फोन घ्या आणि त्यावर उघडा. माझी निम्मी दुरुस्ती त्याने झाली. पानाला अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, समास कमी करा, फोनवर वाचणाऱ्याला बोटांनी सारखं मोठं करावं लागत नाही. वर्डमधून पीडीएफ करताना 'ऑप्शन्स'मध्ये पीडीएफ-ए चा पर्याय असतो, तो निवडला की सगळे फॉन्ट फायलीत बांधले जातात. जुन्या इक्वेशन एडिटरमधली समीकरणं तुमच्या फायलींत असतील तर ती आधी नव्याने टाइप करून घ्या. ते साधन मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणाने काढून टाकलं. त्यातली समीकरणं चित्र म्हणून दिसतात, पण बदलता येत नाहीत आणि पुष्कळ फोनांवर त्यांच्या जागी कोरी जागा येते. तुमच्या मुलांचं 'दिसत नाही' कदाचित हेच असेल. लॅटेक, म्हणजे समीकरणं सुबक मांडणारं टाइपसेटिंगचं साधन, शिकायची तयारी असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये त्याचे धडे आहेत, आणि तिथे मराठीतही बरंच साहित्य मिळतं. भौतिकशास्त्राला लॅटेकसारखं दुसरं काही नाही.

पहिल्या पानावर विषय, सेमिस्टर, घटक आणि तारीख टाका. दुरुस्ती केलीत तर तारीख बदला आणि कुठल्या पानावर काय बदललं ते एका ओळीत वरच लिहा. लिंकची परवानगी वर्गाला पुरेल इतकी ठेवा, पण 'व्ह्यूअर'च ठेवा. 'एडिटर' राहिलं तर कुणाच्या तरी बोटाने तुमचं समीकरण पुसलं जातं. आणि नोकरीचं स्वरूप असं असल्यामुळे मूळ फायली स्वतःच्या हार्ड डिस्कवर हव्यातच.

आता त्या मुलाबद्दल. हाताने लिहून फोटो काढलेल्या पानातून स्क्रीन रीडरला काहीच वाचता येत नाही, त्याच्या लेखी ते नुसतं एक चित्र असतं. टाइप केलेला मजकूर फोन त्याला वाचून दाखवतो. तुमच्या फोनवर सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' चालू करा, डोळे मिटा आणि तुमचीच फाइल ऐका. कुठे शब्द येतात, कुठे नुसतं 'इमेज' म्हणतो, ते पाच मिनिटांत कळेल. मथळ्यांना वर्डमधली 'हेडिंग' शैली लावा, म्हणजे त्याला घटकातून घटकात उडी मारता येईल. आलेखाखाली दोन ओळी लिहा, की आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय आणि रेघ कशी जाते. समीकरणाच्या खाली ते शब्दांत वाचून लिहा, 'बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण' असं. हे सगळं त्याच्यासाठी केलंत तरी बाकीचे पन्नासजणही ते वाचतात, माझ्या वर्गात तसंच झालं होतं. त्याला थोडं दिसतं म्हणता, तर पीपीटीचा गडद रंग आवडतो की पांढरा, ते त्यालाच विचारा. माझ्या एका विद्यार्थ्याला काळ्यावर पिवळं सगळ्यात बरं दिसायचं, मी मात्र दोन महिने पांढऱ्यावर काळं ठळक करत बसले होते.

तुमच्या एखाद्या घटकाची फाइल मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. माझ्याकडे सात वर्षांपूर्वीचा एक फोन आहे, काच तडकलेली, पण चालतो. त्यावर उघडून बघते आणि कुठल्या पानावर काय गळतं ते तुम्हाला कळवते.